खंडेनवमीचा बॅकअप

अनया, ऋत्विज,

गेल्या आठवड्यात अनयाला सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली आणि फोनवर तिने मला ऐकवलं, "आजी, मशीन खोटं बोलत नाही. चूक माणसाचीच असते." अनया बाळा, हे वाक्य तुझ्या आईला मीच शिकवलं होतं. म्हणून तू पहिल्या दिवशी कामावर जायच्या आत तुम्हा दोघा नातवंडांना हे लिहून पाठवते आहे.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देते आणि पुढे जाते. तरीही हे घडलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

दोन हजार साल उलटून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. गंगापूर रोडवरच्या एका छोट्या रक्तपेढीत मी कॉम्प्युटर बघत असे. विकतचं सॉफ्टवेअर पेढीच्या ट्रस्टला परवडत नव्हतं, म्हणून मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी लिनक्स ही फुकटची प्रणाली चढवली. एक सर्व्हर, त्याच्या शेजारी एक जुनं मशीन. आरसिंक नावाचं एक फुकटचं टूल सर्व्हरवरची रक्तदात्यांची सगळी माहिती रोज रात्री त्या जुन्या मशीनवर उतरवून ठेवायचं. फक्त रात्री, दिवसा नाही. एवढं लक्षात ठेवा.

पेढीचे प्रमुख डॉक्टर मला चिडवायचे. "बाई, फुकटचा पाहुणा आणि फुकटचं सॉफ्टवेअर, ऐन वेळेला दोघंही सापडत नाहीत!"

"सापडेल," मी म्हणायचे. "तुम्ही फक्त वीज द्या."

त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी येवल्याहून युसुफभाईंचा फोन आला. ते पैठणी विणायचे, आणि त्यांचा रक्तगट होता 'बॉम्बे'. हा गट फार दुर्मीळ, आणि त्या गटाच्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त चालत नाही. आमच्याकडे असे दाते ते एकटेच. "मॅडम, नाशिक सोडलं. आता येवल्याला आहे. शेजारच्या दुकानाचा पीपी नंबर लिहून घ्या, ते मला हाक मारतात. लागलं तर रात्री-अपरात्री बोलवा." मी नवा पत्ता आणि नंबर थेट सर्व्हरवर टाकला. चिठ्ठ्याचपाट्या हरवतात, म्हणून त्या पेढीत बंदच केल्या होत्या.

थोड्या वेळाने रखमामावशी झेंडूच्या माळा घेऊन आल्या. विंचूरकडच्या, पेढीतली साफसफाई बघणाऱ्या. आपल्याकडे खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं त्या अवजारांची पूजा करतात, आणि पूजेपुरती ती थांबवतात.

"बाई, लय राबतंय ते. घटकाभर निजू द्या की."

"मावशी, मशीनला झोप लागत नाही. आणि इतके महिने न थांबता फिरलेली डिस्क थांबवली, तर पुन्हा फिरेलच असं नाही."

"माणसाचं बी तसंच हाय. म्हून काय निजायचंच नाय?"

डॉक्टर हसले. "करा हो बंद. मावशींशी वाद घालून कोण जिंकलंय?"

मी दोन्ही मशीन रीतसर बंद केली. मावशी पाणी शिंपडताना हात आखडत नसत, म्हणून दोन्ही प्लग मी स्वतः काढून जमिनीवर ठेवले. हळदकुंकू वाहिलं, माळा घातल्या आणि सगळे पेढे खायला बाहेरच्या खोलीत गेलो.

मी फुलांचं ताट न्यायला परत आले, तर जुन्या मशीनमधून घरघर येत होती. डिस्क फिरते आहे, लिहिते आहे, तसा आवाज. पुढचा दिवा लुकलुकत होता. वरची झेंडूची माळ थरथरत होती... मी पत्र्यावर हात ठेवला. कोमट होता.

मागे मावशी उभ्या. "बाई, वायर तं खाली पडेल हाय."

खरंच, प्लग जमिनीवरच होता. आमच्या डोळ्यांदेखत दिवा विझला आणि घरघर थांबली. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला वाटतं." मावशी ताडकन म्हणाल्या, "मंग माझा बी वाढला का? मी तं लावतच नाय!"

तेवढ्यात मनमाडहून एका दवाखान्याचा फोन आला. बाळंतीण, प्रचंड रक्तस्राव, गट बॉम्बे. तिला नाशिकला घेऊन निघालेत, रक्त तयार ठेवा.

मी सर्व्हर चालू केला. टक्... टक्... आणि शांत. डिस्क फिरेना.

"मुंबईला फोन लावतो," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. मुंबईहून रक्त येईपर्यंत ती बाई टिकली नसती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"लावा. तोवर मी दुसरं मशीन चालू करते."

"त्यात काल रात्रीचंच असणार ना? युसुफभाईंचा जुना पत्ता!"

"असू दे. जुन्या पत्त्यावर माणूस पाठवीन. शेजारीपाजारी विचारीन. पण हात बांधून बसणार नाही."

मशीन चालू झालं. मी युसुफभाईंचं नाव काढलं. पत्ता येवला. खाली दुकानाचा पीपी नंबर. सकाळी मी टाकलेला, जसाच्या तसा.

मी लगेच तो नंबर फिरवला. युसुफभाई जीप करून आले. बाईला रक्त मिळालं.

नंतर मी एकेक शक्यता तपासली. दिवसा कॉपी चालवायची सूचना मशीनमध्ये कुठेच नव्हती. मी स्वतः हाताने चालवल्याची खूण नव्हती. आरसिंकच्या नोंदीत शेवटची कॉपी आदल्या रात्रीची. दोन्ही मशीनची घड्याळं बरोबर होती. वीज गेल्यावर मशीन चालवणाऱ्या यूपीएसच्या बॅटरीलाही तेव्हा एकही वायर जोडलेली नव्हती. डॉक्टरांनी बाहेरून एक इंजिनिअर आणला. त्याने दिवसभर बघितलं, चहा प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हीच विसरला असाल." मी विसरले नव्हते. त्यानंतर डॉक्टरांनी पुन्हा कधी 'फुकटचं' हा शब्द काढला नाही, पण त्या दिवसाबद्दलही बोलले नाहीत.

अनया, तुला यातली चूक सापडली तर जरूर कळव. मी इतकी वर्षं शोधते आहे. अजून सापडलेली नाही.

मनमाडची ती बाई आणि तिची लेक, दोघीही आज आहेत.