हवालदारांच्या घरचा हुकूम

क्वार्टर्सच्या रांगेत तिला सगळे हजर म्हणत. लहानपणी कुणी हाक मारली की बाकीची मुलं 'ओ' देत, ही टाचा जुळवून 'हजर!' म्हणे. वडील सैन्यात हवालदार, तेही कोठारावर. त्यामुळे घरात बादलीपासून बशीपर्यंत प्रत्येक वस्तूची यादी होती. यादीच्या शेवटी 'मुलगी, नग एक' एवढं लिहायचं राहिलं होतं. दर रविवारी बाबांची तपासणी असे. चादरीला सुरकुती दिसली की चादर पुन्हा घालायची. मोडकं काही नजरेस पडलं तर आधी कळवायचं, मग जेवायचं. आणि साहेबांची जीप दारावरून गेली की तोंडात घास असला तरी उभं राहायचं.

अशी मुलगी अधिकारी व्हायला निघाली, तेव्हा साऱ्या रांगेनं निकाल आधीच लावून टाकला. "तुमचं काय बाई, घरचंच काम," शेजारीण म्हणाली. "सैन्यातल्या घरची पोर. तिला कोण नाही म्हणणार?"

निवड केंद्रानं नाही म्हटलं.

त्याचं झालं असं. सहा उमेदवारांना एक जड ओंडका खड्ड्यापलीकडे न्यायला सांगितला होता. बाकीचे पाच जण पुढारी कोण, यावरून हमरीतुमरीवर आले. हजरनं तोवर फळ्या टाकून ओंडका लोटत लोटत पलीकडे नेला, दोरी गुंडाळून ठेवली, फळ्या मोजल्या आणि परीक्षकांना अदबीनं सांगितलं, "सर, फळ्यांवर सहापर्यंत आकडे घातलेत, पण चार नंबरची फळी गहाळ आहे." परीक्षकांनी शेरा दिला: काम चोख करते, करवून घेत नाही.

शेरा खरा होता, हेच तर दुखणं. साहेब ही गोष्ट तिनं जन्मभर खालून वर बघितलेली. हुकूम झेलणं अंगात मुरलेलं. हुकूम देणं त्या घरात शिकवणार कोण? वयाच्या अटीत आता एकच संधी उरली होती, आणि हजरला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

बाबांनी कंबर कसली. रोज सकाळी अंगणात ते स्वतःच तुकडी होऊन उभे राहत.

"दे हुकूम."

"बाबा, जमलं तर जरा डावीकडे वळता का?"

"हा हुकूम आहे की रजेचा अर्ज? पुन्हा!"

"डावीकडे वळा... म्हणजे गुडघा दुखत नसेल तर."

बाबा कपाळाला हात लावत. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज येई, "अहो, पुरे ती कवायत! गादी उन्हात टाका आधी!" की बाबा गर्रकन वळून गादीकडे धावत आणि हजर दुसरं टोक धरायला. गादी टाकून झाली की बापलेक पायरीवर बसून पुन्हा डोकं खाजवत, की हुकूम द्यायला हिला शिकवावं तरी कुणी.

दुसऱ्या खेपेची मुलाखत आली. लांब टेबलामागे तीन अधिकारी बसले होते, मधले साहेब चांगले भरदार अंगाचे. आत पाऊल टाकताच हजरच्या नजरेनं सवयीनं मोजणी केली: टेबल एक, खुर्च्या चार, पंखा एक, आणि साहेबांच्या खुर्चीचा मागचा डावा पाय सांध्यात चिरलेला. कळवायला हवं होतं. पण साहेब बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हाही बाबांचाच नियम.

"मागच्या वेळी तू हुकूम द्यायला कचरलीस," साहेब म्हणाले. "का?" आणि उत्तर ऐकायला ते ऐसपैस मागे रेलले. खुर्ची कुरकुरली.

"उठा! आधी उठा म्हणते ना!"

तीस वर्षं नोकरी झालेले साहेब ताडकन उठले. शेजारचे दोघेही उठले. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. खुर्ची धाडकन आडवी झाली.

"बघत काय राहिलात? तुम्ही ती बाजूला घ्या. तुम्ही माझी खुर्ची साहेबांना द्या. बसा आता!"

तिघांनी मुकाट्यानं सगळं केलं. मग आपण काय करून बसलो ते हजरच्या ध्यानात आलं. संपलं सगळं, तिला वाटलं.

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "हवालदार घरी असेच ओरडतात वाटतं?"

"नाही सर. बाबा घरी ओरडत नाहीत." ती अडखळली. "हा आवाज आईचा आहे."

आणि तिला स्वतःलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं. बाबा सीमेवर असताना आईनं नऊ घरं बदलली होती. ट्रकवाल्यांना, हमालांना, शाळेच्या कारकुनांना आणि रडक्या हजरला याच आवाजानं हाकलं होतं, आणि एकदाही एक पेटी मागे राहिली नव्हती. तिनं ते सारं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कारण खुर्ची आता साहेबांकडे होती.

पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं. बाबांनी ते साऱ्या रांगेत फिरवलं. "शिस्त! रविवारची तपासणी!" असं ते दारोदार सांगून आले. आई हसली फक्त.

संध्याकाळी हजर प्रवेशाचा फॉर्म भरायला बसली. त्यात एक रकाना होता: घरातून कुणी सेवा केली आहे का, नातं, वर्षं. तिनं लिहिलं, वडील, सव्वीस. त्याखाली लिहिलं, आई, चोवीस.

बाबांनी यादी तपासावी तसं बोट फिरवलं आणि बोट थांबलं.

"चोवीस चुकीचं आहे," ते घसा खाकरून म्हणाले. "लग्नानंतर पहिली दोन वर्षं क्वार्टर मिळालं नव्हतं. माहेरी होती ती. बावीस लिही."

"अहो!" आतून आवाज आला. "माळ्यावरची पेटी उतरवा आधी! पोरीचे कपडे भरायचेत!"

बाबा निम्मे उठलेच होते. तसेच थबकले, आणि फॉर्म लेकीकडे सरकवला.

"राहू दे चोवीस," ते म्हणाले. "हुकूम तेव्हाही यायचे. पत्रानं." आणि पेटी उतरवायला गेले.