टपावरचं पाणी

फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होते. सकाळची शाळा होती. गावातलाच एक ओळखीचा माणूस सांगत होता, की तुमच्या साहेबांची गाडी रस्त्याच्या कडेला निंबाखाली उभी आहे, साहेब आत बसून आहेत आणि बोलत नाहीत. मी फळ्यावरचं गणित पूर्ण केलं, बाकी शून्य लिहिली आणि मग बाहेर पडले. असं का केलं, ते मला अजून सांगता येत नाही. पण निंबाखाली म्हटल्याबरोबर मला कळलं होतं... आमचे हे, मनोहर, स्वतः उन्हात भाजतील पण गाडी निंबाखाली लावणार नाहीत. निंबाचा चीक रंगावर पडला की डाग निघत नाही, हे त्यांनी अख्ख्या दिग्रसला ऐकवलं होतं.

यवतमाळच्या दवाखान्यात सगळं संपल्यावर डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास होता का? छाती, खांदा, हात दुखायचा का? मी लगेच नाही म्हणाले. तेहतीस वर्षांचा संसार. या माणसाचं काही दुखलं असतं तर मला कळलं नसतं का? पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जो तो आला त्यानं हेच विचारलं आणि मीही तेच ठासून सांगितलं. एकटी असले की मात्र तोच प्रश्न मी मला विचारते, आणि तिथं माझी शाळेतल्या बाईंची ऐट चालत नाही. दीड महिना झाला. रडू आलेलं नाही. शेजारणी म्हणतात, बाई, मन मोकळं करा. काय मोकळं करू? स्वयंपाक करते, भांडी घासते, पेपर तपासते. आत काही हलतच नाही.

ती मरून रंगाची गाडी आमच्या दोन्ही घराण्यांतली पहिली चारचाकी. हे कचेरीत कारकून, मी शाळेत. सासरे जन्मभर सायकलवर फिरले. त्यामुळे गाडी दारात आली तेव्हा यांनी तिला हात लावायच्या आधी हात धुतले होते. मी हसले, तर चिडले. पहिल्याच उन्हाळ्यात बॉनेटचा रंग जरा फिका वाटला आणि घरात जणू कुणी आजारी पडलं. मग सुरू झाला शोध. दुकानदारानं फवारायची बाटली दिली; गाडी आठ दिवस नवरीसारखी दिसली, नवव्या दिवशी पुन्हा जशीच्या तशी. मग पॉलिशची डबी आणून दर रविवारी घासायला लागले. उमरखेडला एक म्हातारा रंगारी होता, त्यानं ते ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाला, पॉलिश रंगातून घेते, वॅक्स रंगाले देते. तुम्ही तं गाडीची कातडी सोलून राह्यले. हे वाक्य घेऊन हे घरी आले आणि पुढची दहा वर्षं आल्यागेल्याला तेच सांगत राहिले.

शेवटी घट्ट वॅक्सचा चपटा डबा ठरला. पण लावायचं कशानं? आमच्या भागात दिव्याच्या वातीपासून उशीपर्यंत सगळ्याला कापूस. माझ्या भावानं माहेरच्या शेतातला पांढराशुभ्र कापूस पोतंभर आणून दिला आणि यांनी त्यानंच अख्खी गाडी घासली. उन्हात काढली तर दारावर गोल गोल ओरखडे. कापसातली वाळक्या पातीची बारीक, टोकदार कुसरं कुणाच्या लक्षातच आली नव्हती. त्या दिवशी हे जेवले नाहीत. माझ्या भावाला काही बोलले नाहीत, हे मात्र खरं. पुढं जुनी बनियन वापरायचे, तीही धुऊन, शिवण कापून; शिवणीचाही ओरखडा उठतो म्हणे.

वर्षातून दोनदा, दिवाळी झाल्यावर आणि होळीच्या आधी. तेही भल्या सकाळी, शेडच्या सावलीत, कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत. नाहीतर उडालेली रुई ओल्या वॅक्सवर चिकटते. बोटभर घ्यायचं, पातळ लावायचं, वॅक्सनं पांढुरकं धुकं धरलं की बोट ओढून बघायचं, मग पुसायचं. मी कधी म्हटलं, जरा जास्त लावा की, तर म्हणायचे, जास्त लावणं म्हणजे आळस. घरातला माळा दोन वर्षं आवरला नव्हता, पण गाडीच्या नाकावर माशी बसू देत नव्हते. मी तिला सवत म्हणायचे. निवृत्त झाल्यावर मला रोज शाळेत सोडायचे, तेव्हाही उतरताना दार हळू लाव म्हणून बजावायचे. त्या शेवटच्या सकाळीही बजावलं. मी जरा जोरातच लावलं होतं.

मला गाडी चालवता येत नाही. सुमेध, आमचा मुलगा, पुण्याला असतो. तो म्हणाला, आई, उभी राहून खराब होईल, देऊन टाकू. मी बरं म्हणाले. मागच्या रविवारी एक गृहस्थ बघायला आले. चारी बाजूंनी फिरले, दारावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "मॅडम, गाडी ठोकलेली दिसते. इतक्या वर्षांचा रंग असा राह्यतच नाही. नवा मारला तुम्ही."

दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्या आत काहीतरी पेटलं. माझ्या नवऱ्याच्या हाताला हा माणूस रंगाचा डबा म्हणतो? पाहुण्यांना वॅक्स दाखवायची यांची एक पद्धत होती, गाडीवर पाणी ओतायची. थेंब मोत्यांसारखे टरारून उभे राहतात आणि घरंगळतात. मी कळशी आणली, शेडमधल्या खुर्चीवर चढले आणि टपावरच ओतली. टपावरच, कारण हे नेहमी टपापासून सुरुवात करायचे. वर ऊन थेट पडतं, म्हणून सगळ्यात जास्त मेहनत तिथं.

कडेला वीतभर पट्टीत थेंब उभे राहिले. दोन्ही बाजूंना. मध्ये मात्र पाणी पाटीवर सांडल्यासारखं नुसतं पसरलं आणि तसंच पडून राहिलं.

ते गृहस्थ खूश झाले. रंग ओरिजिनल आहे म्हणाले, मध्ये तेवढं वॅक्स राहून गेलं. मी खुर्चीवरच उभी होते. मला होळीच्या आधीचा तो रविवार आठवला. शेडमधून यांनी हाक मारली होती, "अगं, जरा ये न, टपाले हात लाव." मी आतूनच म्हटलं होतं, "मी पेपर तपासून राह्यली. तुमची लाडकी, तुम्हीच घासा." त्यावर ते हसले होते. म्हणाले, "बरं. जमते तेवढं करतो."

दहा वर्षांत त्यांनी मला मदतीला कधी बोलावलं नव्हतं. एकदाच बोलावलं.

त्या गृहस्थांना मी नंतर कळवते म्हणून सांगितलं. मला यांचा राग आला. सांगायला काय झालं होतं? आणि मग माझाच आला. मी सुमेधला फोन लावला. म्हटलं, "सुमेध, बाबांचा हात वर जात नव्हता. मी डॉक्टरले चुकीचं सांगितलं." तो म्हणाला, आई, तू जेवलीस का?

गाडीचं अजून ठरलेलं नाही. भेटायला येणारे येतातच. बसतात, पाणी पितात आणि हळूच विचारतात, आधी काही त्रास होता का हो साहेबांना?

होता, म्हणते मी. त्यांनी हाक मारली होती.