काटा तळाला होता

मंडळी, आज घरचा फ्रिज दुरुस्त करायला मेकॅनिक आला होता. गॅस भरण्याआधी त्याने आतली हवा पंपाने ओढून काढली. गेजवरचा काटा तळाला टेकला. मी म्हटलं, "झालं की!"

"थांबा ताई," म्हणत त्याने एक छोटा डिजिटल मीटर दाखवला. पंप बंद केल्याबरोबर त्यावरचे आकडे चढले आणि एका जागी थांबले. "आत अजून ओल आहे. काट्याला ती कळतच नाही. असाच गॅस भरला तर ओलीचा बर्फ होऊन बारीक नळी तुंबते, फ्रिज थंड करत नाही."

मला बाबा आठवले.

ऐंशीच्या दशकात माझे बाबा मालवणात फ्रिज दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे फक्त काट्याचं गेज. आंगणेवाडीच्या जत्रेत काकाचं थंड पेयांचं दुकान लागायचं. त्याचा फ्रिज बाबांनी दुरुस्त करून दिला आणि ऐन जत्रेत तो थंड करेनासा झाला. काका सगळ्यांदेखत ओरडला, "जमणा नाय तुका, तर हात कित्याक घातलंस?"

बाबा एवढंच म्हणाले, "काटो खालीच होतो रे."

त्यानंतर त्यांनी पाना हातात धरला नाही. दोघे भाऊ पुन्हा बोलले नाहीत. बाबा गेले त्या दिवशीही काका अंगणातच उभा राहिला.

मघाशी काकाला फोन करून सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "तो खराच सांगी होतो गो. आता त्येका कोण सांगतलो?"