हळद आमची, ज्वारी त्यांची

सांगलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना अर्थशास्त्राच्या तासाला मी एक गोष्ट शिकलो आणि ती घरी घेऊन गेलो. नेली नसती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

युद्धाची वर्षं होती. आमचं गाव कृष्णाकाठी, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, आटपाडीकडच्या माळावर दिलेली. ते गाव संस्थानी हद्दीत. विट्यावरून बैलगाडीनं दोन दिवसांची वाट, मधे संस्थानचा नाका. दाजी पलटणीत भरती होऊन लांब गेले होते. घरी अक्का आणि तिचे सासरे. मी त्यांना मामा म्हणत असे. उंच, काटक म्हातारा, बोलणं कमी.

सरांनी त्या दिवशी फळ्यावर दोन देश मांडले. एका देशाला दोन्ही मालात दुसऱ्यापेक्षा जास्त पिकतं. मग त्यानं दुसऱ्याशी व्यापार करावाच कशाला? सर म्हणाले, करावा. कारण प्रश्न कोण वरचढ आहे हा नाही, कोण कशात जास्त वरचढ आहे हा आहे. जो दोन्हीत मागे आहे, तोही एका मालात कमी मागे असतो. त्यानं तेवढंच करावं, दुसऱ्यानं दुसरं, आणि अदलाबदल करावी. दोघांच्याही घरात आधीपेक्षा जास्त येतं.

मी वहीत देशांच्या जागी आमची दोन रानं लिहिली. आमच्या नदीकाठच्या गाळाच्या मळीच्या जमिनीत एकराला ज्वारी सहा पोती, मामांच्या रानात चार. हळद आमच्याकडे बारा पोती, त्यांच्या विहिरीवर जेमतेम तीन. दोन्हीत आम्हीच पुढे. पण ज्वारीत ते थोडेच मागे होते, हळदीत फार मागे. मला त्या रात्री झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

सुट्टीत मी वडिलांना हे समजावलं. त्यांना आम्ही आबा म्हणत असू.

"म्हंजी आपल्या रानात ज्वारी पेरायचीच न्हाई?" आबांनी विचारलं.

"न्हाई. सगळी हळद लावायची. आनि मामांनी इहिरीवरची हळद मोडून तितंबी ज्वारीच करायची. त्यांची ज्वारी आपल्याकडं, आपली हळद त्यांच्याकडं."

"घरात दाना न्हाई आनि भरवसा दुसऱ्याच्या रानाचा?"

"दुसरं कुठलं? अक्काचंच घर हाय न्हवं."

आबा उठून गोठ्यात गेले. त्यांना पटलं नव्हतं. पण दोन महिन्यांनी मामा आमच्याकडे आले तेव्हा आबांनीच विषय काढला, आणि मामा म्हणाले, "आवं, पोरगं शिकलंय. कायतरी ठावं आसंल तवाच सांगतंय." झालं. माझ्यावर भरवसा ठेवणारा पहिला माणूस तो होता.

पहिलं वर्ष पुस्तकासारखं गेलं. आमची हळद शिजवून वाळवेपर्यंत आईचे हात पिवळे राहिले. मग मामांची गाडी ज्वारी घेऊन आली, वर अक्का बसलेली. परतताना त्याच गाडीतून आमची हळद गेली; ती त्यांनी आटपाडीच्या बाजारात विकली आणि अक्काला लुगडं घेतलं. ते तिनं पुढच्या खेपेला आईला दाखवलं. मी कॉलेजात दोन मित्रांना ही हकीकत सांगितली, आणि सांगताना माझा स्वर कसा होता ते आठवून आता लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा सगळी हळद लावली. थंडीत हुकूम निघाला की धान्य हद्दीबाहेर न्यायला बंदी. संस्थानातलं धान्य संस्थानात, जिल्ह्यातलं जिल्ह्यात. नाक्यावर शिपाई वाढले. सरांच्या फळ्यावर दोन देश होते, पण त्यांच्यामधे नाका नव्हता, आणि तो नसल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

उन्हाळ्यात परीक्षा देऊन घरी आलो तर कणगी रिकामी. बाजारात पैसे टाकूनही दाणा मिळत नव्हता. रेशनवर लालसर, किडकी ज्वारी मिळे, तीही आठवड्यातून चार दिवस पुरेल एवढीच. आई तापानं पडलेली. आबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. हळदीची पोती मात्र सोप्यात भिंतीला लावून उभी होती, आणि जेवताना ती समोर दिसत.

मी अक्काला कार्ड लिहिलं. बंदी मला माहीत होती. घरात वर्तमानपत्र वाचणारा मी एकटाच होतो. तरी लिहिलं, "आई आजारी आहे. घरात दाणा नाही. दोन पोती कशीही करून पाठवा. वर कडबा टाकला की नाक्यावर कोणी बघत नाही." खाली माझी सही. हे शेवटचं वाक्य मी कुणाकडून ऐकलेलंही नव्हतं. माझ्याच मनानं लिहिलं होतं.

अक्का चौथी शिकलेली. तिनं ते मामांना वाचून दाखवलं. मामा दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपून निघाले.

नाक्यावर शिपायानं कडब्यात लोखंडी सळई खुपसली आणि ज्वारी सांडली. मामांच्या फेट्यात माझं कार्ड होतं. ते दाखवलं असतं तर सुनेच्या आजारी आईसाठी दोन पोती नेतोय एवढं तरी सिद्ध झालं असतं. पण त्यावर माझं नाव होतं, आणि पोलिसांच्या कागदावर नाव आलं की कॉलेज सुटतं असं मीच कधीतरी त्यांच्यापुढे बोललो होतो. शिपाई अंमलदाराला बोलवायला गेला तेवढ्यात त्यांनी ते फाडलं, बैलापुढच्या वैरणीत मिसळलं, आणि बैलानं ते खाल्लं.

"कुनासाठी नेत हुतास?" अंमलदारानं विचारलं.

"इकायला," मामा म्हणाले.

विकायला म्हणजे काळाबाजार. एका महिन्याची कैद झाली, गाडी आणि बैलजोडी जप्त. पेरणी तोंडावर आलेली.

हे सगळं आम्हाला कळलं ते आबा तिकडे जाऊन आले तेव्हा. निरोप आल्याबरोबर आबा निघाले होते. मी गेलो नाही. आईजवळ कुणीतरी पाहिजे, असं मी म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. पण शेजारची काकू दिवसभर आईजवळच असे.

परतल्यावर आबांनी पाय धुतले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कोठडीत भेटलो त्यास्नी. तुजं नाव कुटं काडू नगा म्हनून त्यांनीच मला शपत घातलीया."

त्या शपथेनं मला हलकं वाटलं. तालुक्याला जाऊन "कार्ड माझं आहे, पोती मी मागवली" एवढं सांगायला अजून वेळ होता. मी पंधरा दिवस ते मनात घोळवलं आणि मग कॉलेज उघडलं.

त्या वर्षी अक्काच्या घरी पेरणी वारंगुळ्यावर झाली, म्हणजे दुसऱ्याच्या रानात राबून त्याचे बैल दोन दिवस मागून आणायचे. राबायला गेली अक्का. वाफसा सरून रानातली ओल उडाल्यावर पेरलं, पीक हातभर वर आलं आणि थांबलं. मामा सुटून आले ते खोकला घेऊन.

दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं. मामा अंगणात दोर वळत बसले होते. मला बघून त्यांनी जागा करून दिली.

"परीक्षेचं काय झालं रं?"

"पहिल्या वर्गात आलो."

"लय झ्याक," ते म्हणाले आणि पुन्हा दोर वळायला लागले.

मी तासभर त्यांच्याजवळ बसलो. सांगलीतल्या गोष्टी सांगितल्या. सुंभ संपत आलं तसं त्यांच्या हाताशी देत राहिलो. ठरवलेलं एक वाक्यही तोंडून निघालं नाही. वाटलं, उन्हाळ्यात सांगू. मामा शिमग्याच्या आधीच गेले.

पुढे मी शिकलो, शिकवायला लागलो. तो सिद्धांत दरवर्षी शिकवला. तो चुकीचा आहे असं मला कधी वाटलं नाही. दोन घरं त्यानं खरंच एक वर्ष सुखात जेवली होती. दुसऱ्या वर्षी ज्यानं किंमत मोजली, त्याला ती मोजायला लावणारा माणूस त्या फळ्यावर कुठे दिसत नव्हता, इतकंच.

अक्का म्हातारी झाल्यावर एकदा मी तिच्याकडे जेवत होतो. दाजी रानात गेले होते. तिनं अचानक विचारलं, "त्या कारडाचं तू मामंजींपाशी कवा बोलला हुतास का रं?"

"बोललो हुतो," मी म्हणालो. "त्या दिवाळीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बरं केलंस," ती म्हणाली आणि भाकरी आणायला आत गेली.