लेकीच्या खाटेचे खूर

शिडाचा वासा कमरेवर कोसळला आणि सारा जन्म समुद्रावर काढलेला फूमो लामू बंदराच्या गल्ल्यांतून लंगडत फिरू लागला. गलबतावर आता त्याचं काही काम नव्हतं. घरात बसावं, तर बायको खेरी उठता-बसता उसासे टाकायची. शेवटी तिनेच आपल्या धाकट्या भावाला, आथमानला गळ घातली. आथमान कातारी होता. खाटांचे खूर, खुर्च्यांचे दांडे, जिन्याचे कातीव गज, सगळं त्याच्या चरकावर व्हायचं आणि प्रत्येक नगावर खूण म्हणून तो एक बारीक दुहेरी रेघ ओढायचा.

"पाठव दाजींना," तो म्हणाला. "बसून करायचं काम आहे. कमरेला जमेल."

ज्या पोराला फूमोने एकेकाळी खांद्यावर बसवून बंदरातली गलबतं दाखवली होती, त्याच्यापुढे तो उतारवयात शिकाऊ म्हणून बसला.

चरक जमिनीलगत होता. दोन खुंटांच्या लोखंडी टोकांत लाकूड अडकवायचं, त्याला कमानीच्या दोरीचा वेढा द्यायचा, उजव्या हाताने कमान पुढे-मागे ओढायची आणि डाव्या हातातली पटाशी पायाच्या अंगठ्याने सावरायची. लाकूड आपल्याकडे फिरेल तेवढ्यात कापायचं, उलटं फिरलं की पटाशी किंचित मागे घ्यायची. आथमान हे करताना मेहुण्याशी गप्पा मारायचा, वर चहाही प्यायचा. फूमोने पहिल्यांदा पटाशी टेकवली ती सरळ रुतली. लाकूड खुंटांतून उसळून त्याच्याच नडगीवर आदळलं.

"दाजी, वल्हं मारताय की लाकूड कातताय?"

समोरच्या ओट्यावर बसलेले म्हातारे खदखदले. "नाखवा, जमीन हलतेय का रे?" एकाने विचारलं. गलबतावर असता तर फूमोने त्याला उचलून पाण्यात टाकला असता. इथे त्याने खाली मान घालून नडगी चोळली.

आंब्याच्या लाकडाचे तुकडे संपत गेले. गोल मणी करायला जावं तर अंड्यासारखा व्हायचा. मान बारीक करावी तर नेमकी तिथेच मोडायची. आथमान रागावत नसे. तो मोडका तुकडा उचलून चुलीकडे भिरकावी आणि नवा पुढे सरकवी. त्या न रागावण्यानेच फूमोचं डोकं फिरायचं. हळूहळू मात्र पटाशीखालून भुशाऐवजी लांब, सलग ढलपी निघू लागली. तशी पहिली ढलपी त्याने खिशात घालून घरी नेली होती. खेरीने ती कचरा समजून केरात टाकली.

मग तिमाचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. खाट मुलीकडच्यांनी द्यायची.

"खूर मी कातणार," फूमो म्हणाला.

आथमानने कमान खाली ठेवली. "चारही सारखे लागतात, दाजी."

"तू काततोस ना सारखे? मग मीही कातीन."

त्याने जीव ओतून खूर कातले. शेवटच्याच्या मानेपाशी केसाएवढी चीर गेली. दुसरं लाकूड मागायला त्याची जीभ रेटेना. त्याने चिरेत मेण दाबलं, वरून घासून चकचकीत केलं आणि खाट जोडायला खूर आथमानच्या हवाली केले.

लग्नाच्या दिवशी खाट नवऱ्यामुलाच्या घरी निघाली. ढोल वाजत होते, बायकांच्या आरोळ्या उठत होत्या. अरुंद गल्लीत उचलणाऱ्यांनी दम खायला खाट टेकवली आणि ओट्यावरचे तेच म्हातारे खुरांवरून हात फिरवू लागले. "वा नाखवा! हात बसला की तुझा!"

फूमोनेही कौतुकाने मानेवर बोट फिरवलं. चीर नव्हती, मेण नव्हतं. खाली वाकून त्याने दुसरा खूर पाहिला, तिसरा पाहिला. सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. प्रत्येक मण्याखाली आथमानची ती बारीक दुहेरी रेघ.

"व्याही, खरंच तुम्ही कातलेत?" नवऱ्यामुलाच्या बापाने विचारलं.

गर्दीपलीकडून आथमान त्याच्याकडे बघत होता.

"हो," फूमो म्हणाला.

लग्न आटोपल्यावर त्याने आथमानला गाठलं.

"एक फुटका होता, दाजी. मेण लावून मला फसवता? पहिल्याच रात्री खाट मोडली असती, तर अख्खं लामू हसलं असतं."

"बाकीचे तीन?"

"सारखे नव्हते."

"मला सांगायचंस."

"ताई नको म्हणाली."

घरी खेरी मासे साफ करत होती. तिने वरही पाहिलं नाही. "हो, मीच सांगितलं त्याला. लेकीचा संसार म्हणजे तुमची शिकवणी नव्हे."

चीर तर खरीच होती.

पुढे गावातून मागण्या येऊ लागल्या. तिमाच्या खाटेसारखे खूर हवेत, नाखव्याच्याच हातचे. आथमान मान डोलावून काम घ्यायचा आणि स्वतः कातायचा. फूमो बाजूला बसून तयार खुरांना पॉलिश करायचा आणि गिऱ्हाइकाने शाबासकी दिली की मान हलवायचा.

तिमा माहेरपणाला आली तेव्हा त्याच्या शेजारी येऊन बसली. "बाबा, खाट जरासुद्धा करकरत नाही. सासूबाई सगळ्यांना सांगतात, आमच्या व्याह्यांनी कातलीय म्हणून."

फूमोने तिच्याकडे न बघता म्हटलं, "लाकूड चांगलं होतं, पोरी."