आठ नावं आणि एक एस

ही गोष्ट आमच्या मंडळात कुणीही तुम्हाला सांगेल, आणि प्रत्येक जण थोडं मीठमसाला लावून सांगेल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. गाढवपणा माझा आहे, निदान सांगायचा हक्क तरी माझा असू दे.

मी मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे बेंगळुरूत. बेळ्ळंदूरला आयटी कंपनीत मॅनेजर आहे. आमचं एक छोटंसं मराठी मंडळ आहे आणि त्याची वेबसाइटही आहे. ती वर्षानुवर्षं मल्लेश्वरमचे बर्वेकाका एकट्याने सांभाळतात. सरकारी कारखान्यातून रिटायर झाल्यावर ते पुस्तक वाचून एचटीएमएल शिकले. यंदा नेमकं ज्येष्ठांच्या सत्काराच्या आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ते म्हणाले, काम किरकोळ आहे. सत्काराच्या यादीत चिटणीसअण्णा धरून आठ नावं आहेत, तेवढी ठळक करायची. खुणा लिहून देऊ का?

मी म्हणालो, काका, मी वीस वर्षं या धंद्यात आहे.

आता तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. वेबपानावर अक्षर ठळक करायचं तर त्याच्या आधी टोकदार कंसात एक खूण टाकायची, आणि अक्षर संपलं की ती खूण तिरप्या रेघेसकट पुन्हा टाकून बंद करायची. इतकंच. खूण कुठली, ते मात्र मला आठवेना. पण डोकं चालवलं. ठळक म्हणजे स्ट्राँग, आणि स्ट्राँगचा एस. शोधून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं, पण वीस वर्षांच्या अनुभवाला ते शोभलं नसतं.

सहा नावं झाली आणि मीटिंगची वेळ झाली. जाता जाता फोनवर पान उघडून बघितलं. चष्मा नव्हता. नावांवर एकेक आडवी रेघ दिसत होती. मराठी अक्षरांना तशीही डोक्यावर रेघ असतेच. म्हटलं, फॉन्ट गंडलाय, रेघ जरा खाली घसरलीय. असा विचार कुणाच्या डोक्यात येऊ शकतो का? माझ्या आला.

दुपारी मालतीअक्कांचा फोन. अक्का मंडळाच्या सेक्रेटरी, वय पंच्याहत्तर, यादीत त्यांचंही नाव. आवाज जरा बसलेला वाटला.

"पानावरची नावं बघितली. तशी का केलीस?"

"मुद्दाम केली, अक्का. लोकांच्या चटकन लक्षात यावं म्हणून."

"चिटणीसअण्णांचंपण?"

"त्यांचं तर सगळ्यात आधी केलं."

 मग म्हणाल्या, "माझं तसंच राहिलंय."

"हो, चुकलंच माझं. संध्याकाळपर्यंत तुमचंही करून टाकतो."

"सरी," म्हणाल्या, म्हणजे कानडीत 'बरं', आणि फोन ठेवला. मला वाटलं, बाईंना भरून आलं. तसं ते आलंही होतं.

संध्याकाळी मी शब्द पाळला. अक्कांचं आणि उरलेलं आठवं नाव, दोन्ही केली.

त्यानंतर मंडळाच्या ग्रुपवर चिटणीसअण्णांचा मेसेज आला. वयोमानानुसार रविवारी येणे जमणार नाही, क्षमस्व. पाठोपाठ दुसऱ्या सत्कारमूर्तींचा, मग तिसऱ्यांचा. रात्रीच्या जेवणापर्यंत आठच्या आठ जणांची प्रकृती बिघडली होती. मला वाटलं, मल्लेश्वरमला तापाची साथ आलीय. मी ग्रुपवर लिहिलं, "सर्वांनी विश्रांती घ्यावी. आपल्याशिवायही कार्यक्रम उत्तम पार पडेल, निश्चिंत असावे." खाली हात जोडल्याचं चित्रही टाकलं.



दुसऱ्या दिवशी सकाळी बर्वेकाकांचा फोन. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला धड दिसत नाही. अक्का त्यांच्याकडे रडून गेल्या होत्या. कंसात नक्की काय लिहिलंयस, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एस, स्ट्राँगचा एस.

"ठळकला बी असतं," काका म्हणाले. "स्ट्राँग लिहायचं तर अख्खं लिहायचं. नुसत्या एसने शब्दावर काट बसते. आठ जणांची नावं खोडलीस तू."

मी लॅपटॉप उचलला आणि थेट चिटणीसअण्णांच्या घरी निघालो. बेळ्ळंदूरहून मल्लेश्वरमला पोचायला दीड तास लागला, आणि अक्कांशी झालेलं बोलणं वाटेत एकेक वाक्य करून आठवत गेलं. करून टाकतो, म्हणालो होतो मी.

चिटणीसअण्णा एक्क्याऐंशी वर्षांचे. इथल्या मराठी पोरांना त्यांनी तीस वर्षं दर रविवारी घरी बसवून बाराखडी शिकवली, एक पैसा न घेता. दार त्यांनीच उघडलं. "स्वल्प बस," कानडी वळणाने म्हणाले आणि स्वतः पाणी आणून दिलं. खुर्चीच्या पाठीवर नवं कोरं जाकीट होतं, शिंप्याची चिठ्ठी अजून कॉलरला तशीच. सत्कारासाठी हुबळीहून लेक येणार होती, तिला त्यांनी आदल्या दिवशीच फोन करून नको येऊ म्हणून सांगितलं होतं.

"मागच्या सभेत मी जरा लांबण लावली," ते म्हणाले. "त्याचा राग असेल, असं वाटलं. सरी. पण नाव खोडायचं तर आधी सांगायचं होतंस."

मी सगळं सांगितलं. मग त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडून आठही ठिकाणचा एस काढला आणि बी घातला. नावं ठळक झाली. अण्णांनी चष्मा पुसला, आठही नावं वाचली, आणि आपल्या नावावरून स्क्रीनवरच एकदा बोट फिरवलं. नंतर आत जाऊन आधी लेकीला फोन लावला, मग अक्कांना. दोन्हीकडे तेच सांगितलं, की मुलगा मनाने वाईट नाही, त्याला येत नाही.

बाहेर येऊन त्यांनी कॉफी दिली आणि माझी चौकशी सुरू केली. ऑफिसात काय करतो? म्हटलं, वेबसाइटच बनवतो आम्ही, मोठ्या मोठ्या कंपन्यांच्या.

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुझ्या हाताखाली माणसं किती?"

"चाळीस."

 अण्णांचा चेहरा निवळला, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मग काळजी नाही," ते म्हणाले. "ती करत असतील."