गच्चीवरचं गुलाबी पाणी

"वांगं नीट चावून खा हं. माझी दुसरी कादंबरी आहे त्यात."

भाजी हातात ठेवताना आमच्या लेखिकाबाई असं काहीतरी म्हणायच्याच. प्रकाशकाकडून कादंबरी परत आली की तिचे कागद फाडून त्या गच्चीवरच्या खताच्या पिंपात टाकायच्या. प्रकाशकांच्या कृपेने वांगी जोमात! मी पुस्तकं फारशी वाचत नाही, पण नवघरच्या आमच्या सोसायटीत त्यांचं साहित्य सगळ्यात जास्त मीच खाल्लं असेन.

गच्चीभर निळी पिंपं, फळांचे क्रेट, कुणीतरी टाकून दिलेला बाथटब, सगळ्यात माती. पाणी घालून झालं की तिथेच स्टुलावर बसून लिहायच्या. हाक मारली की बोट वर. "थांबा, वाक्य अर्धं आहे." मग मी, सोसायटीचा सेक्रेटरी, मिरच्यांसमोर हात बांधून उभा. तुमच्याही इमारतीत असा एखादा वल्ली असेल, ज्याच्यावर रागवायला जावं आणि पिशवी भरून परत यावं.

गच्चीच्या खालीच जिग्नाबेन राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना बाजार झेपत नाही आणि जैन असल्याने कांदा-बटाटा चालत नाही. त्यांच्यासाठी बाईंनी एक कोपरा वेगळा राखला होता. तिथे मुळासकट उपटावं लागेल असं काही लावायचंच नाही.

गेल्या वर्षी नेमकं जिग्नाबेनच्याच बेडरूमचं छत गळायला लागलं. मीटिंगमध्ये आवाज चढले. "शेती हटाओ!" बाई उठल्या. "तपासा. पाणी माझ्या शेतातून उतरत असेल, तर त्याच दिवशी सगळं काढते." मला रागच आला. असा शब्द देतं का कुणी?

प्लंबरने गच्चीवर मधोमध बांध घातला. शेताच्या बाजूला गुलाबी रंगाचं पाणी साठवलं, दुसऱ्या, पाण्याच्या टाकीच्या बाजूला साधं. गुलाबी टपकलं तर दोष शेताचा, साधं टपकलं तर टाकीचा.

आम्ही कमिटीवाले आणि बाई, सगळे त्या बेडरूममध्ये माना वर करून बसलो. चहा आला, गार झाला. बाई नखांतली माती खरवडत होत्या. मी मनातल्या मनात टाकीला विनवत होतो, तूच गळ गं बाई.

जिग्नाबेन कपाटाशी उभ्या होत्या. एकदम त्यांनी पांढरा पदर उचलला आणि कपाटालगतची भिंत पटकन पुसली. आमचं कुणाचं लक्ष नव्हतं. बाईंचं होतं. त्या उठल्या, जिग्नाबेनची मूठ हलकेच सोडवली. पदरावर गुलाबी डाग.

"धूल थी," जिग्नाबेन म्हणाल्या.

"जिग्नाबेन..."

"टपकने दो ना! घर मेरा है, मुझे चलता है!" आणि त्या रडायलाच लागल्या.

"आज चालतं. उद्या छत अंगावर आलं तर?" बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "सेक्रेटरी, पाणी माझंच आहे."

बाई वर गेल्या, आम्ही मागोमाग. सुरुवात त्यांनी जिग्नाबेनच्या कोपऱ्यातल्या दुधीपासून केली. वेल बुंध्याशी कापला. त्याला एकच दुधी होता, वीतभर, अजून वाढायचा. तो घेऊन त्या खाली आल्या आणि जिग्नाबेनच्या हातात दिला.

"कोवळा आहे," म्हणाल्या, "आजच करा."

आणि पुन्हा जिना चढू लागल्या.